गोणपाटाची गाठ

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मुखेडहून नांदेडला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. कंडक्टर म्हणाला, "खाली ठेवा की ते." त्यानं नुसती मान हलवली आणि सुतळीची गाठ मुठीत धरली. हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे काळे डाग होते.

"पेरणी यंत्राचा फण हाय, माती फाडून बी सोडणारा," तो आपणहून म्हणाला. "ह्याच्या आधी एक केल्ता. आमच्यात नवं अवजार आधी बाजारात मांडतेत. लोक नावं ठेवतेत, मग ते सुधारतंय. मीबी मांडला. पुढच्या बाजाराला दुसऱ्याच दुकानांत तसलेच फण! वकील म्हणला, सगळ्यांनी बघितल्यावर आता पेटंट कशाचं मागता?"

म्हणून या खेपेला तो आधी पेटंटचा अर्ज करायला वकिलाकडे चालला होता. हा फण त्याच्या बायकोशिवाय कोणीच पाहिला नव्हता.

पुढच्या सीटवरचा शेतकरी वळला. "ओल्या रानात माती चिकटून तुंबतोय का हो?"

याची बोटं लगेच गाठीवर गेली. सुतळी सैल झाली. मीसुद्धा वाकलो. मग त्यानं गाठ पुन्हा करकचून आवळली.

"अर्ज झाला की पयली पेरणी तुमच्याच रानात."

खरं सांगतो, मला राग आला. "एवढं काय लपवायचं त्यात?"

"लपवायचं असतं तर घरीच ठेवला नसता का, दादा?" तो म्हणाला. "बिनघोर दाखवता यावा म्हून तर चाललोय."