दुपारच्या तासाचा उमेदवार

ल्युमिर कुबिचेकला रस्त्यात पाहिलं तर काउंटीतल्या निम्म्या लोकांनी त्याला ओळखलं नसतं. पण त्याचा आवाज? तो अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यातली कुत्रीसुद्धा ओळखायची. दुपारचे बारा वाजले की ट्रॅक्टर शेताच्या कडेला लागायचे, कॅफेतली बडबड थांबायची, आणि मक्याच्या रानापासून म्हाताऱ्यांच्या आश्रमापर्यंत एकच हाक ऐकू यायची, "बसा गं बायांनो, बसा रे बाबांनो जेवायला. ल्युमिर आलाय."

तरुणपणी हा गडी धान्याच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर ट्रक तोलायचा. एका हिवाळ्यात बर्फाचं वादळ सुटलं, रेडिओवरचा नेहमीचा माणूस वाटेत अडकला, आणि स्टेशनच्या मालकानं मागच्या गल्लीतल्या ल्युमिरला अंथरुणातून उठवून माइकपुढे बसवलं. बोलायचं काय ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं बापाच्या पेटीतल्या पोल्काच्या, म्हणजे चेक नाचगाण्यांच्या, तबकड्या लावल्या, आणि मधे मधे कोण कुठं अडकलंय, कुणाच्या घरात चूल पेटलेली आहे, ते सांगत राहिला. वादळ ओसरलं, ल्युमिर काही माइकपुढून उठला नाही. डोक्यावरचे केस गेले, पोट पुढं आलं, मालक वारला, त्याची मुलगी मर्ना स्टेशन चालवू लागली. दुपारचा तास मात्र ल्युमिरचाच.

पोल्का व्हायच्या, वाढदिवस व्हायचे, कुणाची गाय सुटलीय ते सांगून व्हायचं, आणि शेवटी मयतीची खबर. त्याआधी एक बँडची धून लागायची. तिथल्या चेक लोकांत मूठमाती देताना कबरीपाशी वाजवतात, तीच. ती वाजली की अख्खी काउंटी हातातला चमचा खाली ठेवायची, पुरुष टोप्या काढायचे. नाव कानी पडलं की बाया भट्ट्या पेटवायच्या, आणि दिवस मावळायच्या आत त्या घरी कोलाचे नावाचे गोड पाव, उकडलेले डंपलिंग आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचे ढीग लागायचे. दुःखाच्या घरी कुणी रिकाम्या हातानं जात नसे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना काउंटीचे रस्ते-पूल बघायला लोकांनी निवडून दिलेला जुना कमिशनर गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. कॅफेतली मंडळी ल्युमिरच्या मागं लागली.

"लेका, रस्त्यावर खडी नाही, ओढ्यावरचा पूल म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतोय, आणि तू गाणी लावत बसतोस!"

"अरे, पण मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं कशाला? बाकीचे दारोदार फिरतात, तू तर रोज आमच्या ताटापाशी असतोस. ज्याचा आवाज जेवताना ऐकलाय, त्याला कोण पाडेल?"

ल्युमिर फुगला. माणूसच तो. नाव देऊन घरी आला तेव्हा त्याची बायको लिबी कणीक तिंबत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "दोन कोंबड्यांचं भांडण तुला सोडवता येत नाही. काउंटी चालवणार?"

नावं मागं घ्यायची मुदत टळली, मतपत्रिका छापायला गेल्या, आणि मग कुठं मर्नानं त्याला खोलीत बोलावलं.

"ल्युमिर, उमेदवार रेडिओवर आला की समोरच्यालाही तेवढाच वेळ द्यावा लागतो. त्यानं मागितला तर. कायदा आहे."

"मी कुठं मतं मागतोय? मी वाढदिवस सांगतो."

"कायद्याला पोल्का कळत नाही रे. ग्लेन ऑस्टरगार्डनं वेळ मागितलाय. एक दिवस तू, एक दिवस तो."

ल्युमिरनं मान डोलावली.

"आणि दुसरं. निवडून आलास तर तुझा तास बंद. खुर्चीतला माणूस आपल्या माइकपुढे बसवायचा नाही, हा वडिलांचा नियम. मी मोडणार नाही."

त्या दिवशी ल्युमिर पायी घरी गेला. आपली गाडी स्टेशनसमोरच उभी आहे, हे त्याला स्वयंपाकघरात पोचल्यावर आठवलं.

ग्लेन ऑस्टरगार्ड उत्तरेकडच्या स्वीडिश वस्तीतला. बी-बियाणं आणि चारा विकायचा. सरळ माणूस, रस्त्यांची खडान् खडा माहिती, पण दिवसाला चार शब्द बोलला तर घसा बसायचा. त्याच्या पहिल्या दिवशी ल्युमिर आणि लिबी रेडिओला कान लावून बसले. ग्लेन खडीबद्दल बोलला. मग रस्त्याखालच्या मोऱ्यांबद्दल बोलला. मग नुसती खरखर.

"मेला की काय?" लिबी म्हणाली.

"नाही. आवंढा गिळतोय."

तीन-चार पाळ्या अशाच गेल्यावर ग्लेन टोपी हातात घेऊन ल्युमिरच्या मागच्या दारी आला. "लोक दुकानात येऊन शिव्या घालतात. घास उतरत नाही म्हणतात. गाणी दे."

ल्युमिर आत गेला आणि बापाची पेटीच उचलून घेऊन आला. ग्लेन गेल्यावर लिबी कडाडली, "लांडग्याला दूध पाजतोस?"

"तास माझाय गं. आज त्याच्या हातात असला म्हणून उपाशी मारू?"

आता झालं असं, की तेता ब्लाझेनाचा नव्वदावा वाढदिवस नेमका ग्लेनच्या दिवशी आला. तेता म्हणजे मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. ग्लेननं तिचं नाव घेतलं आणि म्हणाला, "हिच्यासाठी एक छान गाणं." पेटीत सगळ्यात वर होती, सगळ्यात झिजलेली होती, ती तबकडी त्यानं उचलली. दुपारी तो चाऱ्याच्या गोदामात असायचा, ल्युमिरचा तास त्यानं कधी ऐकलाच नव्हता; एवढी झिजली म्हणजे लोकांना फार आवडत असणार, असा त्या भल्या माणसाचा हिशेब. आणि कबरीपाशी वाजते ती धून काउंटीभर घुमली.

ल्युमिरच्या हातातला काटा गळून पडला. तो फोनकडे धावला, पण स्टेशनची लाइन लागेना; सगळे तिथंच फोन करत होते. बाकीच्यांनी टोप्या काढल्या होत्या. भट्ट्या पेटल्या होत्या.

तो तेताच्या घरी पोचला, तोवर अंगणात गाड्या मावत नव्हत्या. पहिल्या शेजारणीनं डोळे पुशीत दार वाजवलं होतं, आणि दार तेतानंच उघडलं म्हणताना ती किंचाळून भांड्यासकट पायरीवर बसली होती. आता तेता आरामखुर्चीत होती. भोवती कोलाच्यांची रास, आणि काळे कपडे घालून आलेली माणसं हातात कॉफीचे कप घेऊन ओशाळं हसत होती.

"ये पोरा. मी मेले हे मलाच शेवटी कळलं बघ."

"तेता, चूक माझी आहे. ती तबकडी कसली, ते त्याला सांगायचंच राहिलं माझ्याकडून."

"खा आधी. खसखशीचा घे, चांगला झालाय." तिनं त्याला जवळ ओढलं आणि आवाज खाली केला. "खरं सांग. व्हायचंय का तुला कमिशनर?"

ल्युमिरनं कोलाच्याचा मोठा घास घेतला.

"सांग की. मेलेलं माणूस चहाड्या करत नाही."

"नाही गं तेता," तो म्हणाला, आणि हे आपण पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं. "तो तास गेला तर दुपारचं मी करू काय? पण मंडळींना शब्द दिलाय. नाव छापलंय. आता पळालो तर तोंड कुठं दाखवू?"

"मग पळू नकोस. गप बस."

गाड्या हलेपर्यंत तेता एकेकाला खाली वाकायला लावून कानात काहीतरी सांगत होती. ल्युमिरला वाटलं, आभार मानतेय.

मतमोजणीच्या संध्याकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मंडळी जमली. आकडे लागत गेले तशी कॅफेतली माणसं गप्प होत गेली. ग्लेन निवडून आला. आश्रमाच्या वॉर्डात तर ल्युमिरला त्याच्या नात्यागोत्याएवढीही मतं पडली नव्हती. दिवसभर चावणारा बूट घरी येऊन काढावा, तसं त्याला झालं. त्यानं ग्लेनचा हात धरून इतका हलवला, की ग्लेनच घाबरला.

लिबीनं त्याला कोपरानं ढोसलं. "चेहरा पाड जरा. लोक बघतायत."

दुसऱ्या दिवशी बाराला माइकपुढचा लाल दिवा लागला. "बसा गं बायांनो," एवढं म्हणतोय, तोच फोन वाजला, आणि त्यानं तो तसाच चालू माइकपाशी धरला. तेता होती. मागं, ती जेवायला गेली होती त्या आश्रमातल्या बायांचा गलका.

"पाडला तुला, पोरा! आम्ही सगळ्यांनी मिळून पाडला."

सगळी काउंटी ऐकत होती. "तेता! अगं, का?"

"का म्हणून काय विचारतोस? ग्लेनला माइकपुढून उठवायचं, तर दुसरीकडं कुठं तरी बसवायला नको? रस्त्याचं त्याला कळतं, तिथं बसवला. आणि तुला खुर्ची दिली असती, तर मी खरंच गेल्यावर ती धून कोण लावणार होतं? खडीवाला?"

कॅफेत म्हणे लोक टेबलं बडवत होते. ल्युमिरनं ग्लेनकडून परत आलेली पेटी उघडली. ती झिजलेली तबकडी उचलून त्यानं पार तळाशी सारली, आणि घरातल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा पाय हलवील अशी एक पोल्का शोधून काढली.

"तेता, तुझा राहिलेला वाढदिवस," तो म्हणाला, आणि सुई खाली ठेवली.