इंग्रज दिवा

पान झेनोन,

हे मी मराठीत लिहिते आहे. म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही, आणि तेच बरं. वाचता आलं असतं तर दर वाक्याला "पानी कुमुद, इथं जरा सौम्य करा" म्हणत बसला असतात. पोलिशमध्ये पान म्हणजे साहेब आणि पानी म्हणजे बाई. पन्नास वर्षं इथं काढली, तरी आपण एकमेकांना हाक मारली की माझ्या सोलापुरी कानाला जेवणाची पंगत उठल्यासारखं वाटतं. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही कोण ते आधी वाचणाऱ्यांना सांगून टाकते. पोलंडमधल्या वूच शहरात बंद पडलेल्या सूतगिरणीमागे पत्र्याच्या गॅरेजांची लांब रांग आहे, तिथल्या एकवीस नंबरचे तुम्ही मालक. ट्रामच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम पेन्सिल. रांगेतल्या कुणीही इंटरनेटवरून गाडीचा जुना पार्ट मागवला आणि भलतंच काही आलं, की तो खोका काखेत मारून तुमच्या दारात. विकणारे कुणी दुकानदार नसतात, घरगुती माणसं असतात. कुणाची गाडी ठोकलेली, कुणाला अंगण मोकळं करायचंय. जाहिरातीखाली सगळ्यांचं पालुपद एकच: 'खाजगी विक्री, माल परत घेतला जाणार नाही.' ते वाचून बाकीचे हात टेकायचे. तुम्ही म्हणायचात, "असं लिहिलंय? म्हणजे घाबरलेला माणूस आहे. त्याच्याशी बोलता येईल."

मीही तशीच आले होते. माझ्या गाडीला डावा आरसा हवा होता, आला उजवा. मी विकणाऱ्याला चोर, लबाड, जे सुचलं ते लिहून मोकळी झाले होते. सोळा नंबरचा मार्यान, ज्याचा आवाज त्याच्या हातोडीपेक्षा मोठा, तो शेजारी उभा राहून मला चढवत होता. तुम्ही चष्मा पुसून सगळं वाचलंत.

"पानी, तुम्ही त्याला चोर म्हणून टाकलंत. आता त्याला चोरच राहावं लागेल."

"मग काय ओवाळू त्याला?"

"विचारा त्याला, आरसा काढताना तो बॉनेटसमोर उभा होता की आत बसला होता?"

समोर उभा होता, म्हणून त्याचं डावं-उजवं उलटं झालं होतं. आठवड्याभरात त्या बापड्यानं दुसरा आरसा पाठवला, वर बायकोनं केलेल्या आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी. माझ्या इतक्या चांगल्या शिव्या फुकट गेल्या याचंच मला वाईट वाटलं.

खोका उघडताना फोटो काढायचे. पहिल्या निरोपात फक्त पोचल्याचं कळवायचं आणि आभार मानायचे. दुसऱ्यात काय आलं ते सांगायचं, एकही विशेषण न लावता. तिसऱ्यात एकच प्रश्न. एवढीच तुमची विद्या. आणि मागवण्याआधी एक गोष्ट विचारायचीच, हे तुम्ही रांगेत सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: "पार्ट इंग्रजाचा नाही ना?"

इंग्लंडला कामाला गेलेली पोरं परत येताना उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या घेऊन येतात. त्या गाडीला गॅरेजांत सगळे 'इंग्रज' म्हणतात. इंग्रजाची सीट चालते, चाक चालतं, दिवा चालत नाही. त्याचा झोत उलट्या बाजूला वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

"पानी कुमुदच्या देशात तर सगळ्याच गाड्या इंग्रज!" मार्यान एकदा म्हणाला.

"त्यांना घालवायला आमची दीडशे वर्षं गेली," मी म्हटलं, "आणि तू मला इंग्रज म्हणतोस?"

"स्टिअरिंग तेवढं ठेवून घेतलंत," तुम्ही खाली बघत पुटपुटलात, आणि मार्यान तेलाच्या डब्यावरून घसरेपर्यंत हसला.

आता याद्विगाचं. तुम्ही हे कुणाशी बोलला नाहीत, तर मीच बोलते. तुमची बायको. गिरणीत धाग्यांचे रंग जुळवायचं काम तिचं. निळ्याच्या चाळीस छटा डोळ्यांनी सांगायची. गेली तीन वर्षं ती वार्ता नदीकाठी, नन चालवतात त्या वृद्धाश्रमात आहे. रविवारी भेटायची मुभा, आणि रविवारी तिकडे बस नाही. खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसते, तुम्हाला ओळखत नाही. पण तुमच्या जुन्या हिरव्या रोव्हरमध्ये बसवलं, गाडी फाटकाबाहेर पडली, की ती बोलायला लागते. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. मला कारण नकोच होतं.

मागच्या सीटवर, मांडीवर खसखशीच्या केकचा डबा घेऊन मी कितीतरी रविवार ते ऐकलं आहे. नदीवरचं धुकं रस्त्यावर आलेलं असायचं, विलोची झाडं त्यात गुडघ्यापर्यंत बुडालेली, आणि तुम्ही बैलगाडीच्या वेगानं गाडी चालवत असायचात. "झेनेक," ती तुम्हाला लाडाच्या नावानं म्हणायची, "हे सूत कुणी ओलं ठेवलं?" तुम्ही म्हणायचात, "वाळेल दुपारपर्यंत." मग करकोचा दिसला की ती त्याचा पांढरा नाकारायची, फार निळा आहे म्हणून. पिवळी शेतं लागली की डोळे मिटून घ्यायची आणि पिवळा मोजायची, सात, आठ, नऊ. मला घाई करायची सवय आहे, ज्याला लवकर आटपायला सांगितलं नाही असं माणूस जगात नाही. पण त्या गाडीत मी कधी घड्याळ पाहिलं नाही.

एप्रिलच्या एका रविवारी तुम्ही तिला बाहेर नेण्याची सही करायला आत गेला होतात आणि गाडीला कुलूप होतं. मी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात डबा धुवत होते. याद्विगा फाटक अडवायला ठेवलेला दगड घेऊन गाडीपाशी गेली आणि डाव्या दिव्यावर दार वाजवावं तशी वाजवत राहिली. "उघडा ना, मी आहे." काच फुटली. तुम्ही तिच्या हातातला दगड काढून घेतलात, हात पुसलात, तिला आत बसवलंत. गॅरेजांत सगळ्यांना सांगितलंत, हरीण आडवं आलं.

गाडीची तपासणी मेमध्ये होती. जुनी मुदत शनिवारी संपणार. दिवा नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर रविवार नाही. रोव्हरचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, नवा दिवा मिळेना. शेवटी औगुस्तूफजवळच्या एका खेड्यात एका बाईंची जाहिरात सापडली. पानी ब्रोनिस्लावा. अंगणात सफरचंदाखाली रोव्हर उभी, तिचा डावा दिवा विकायचा. तुम्ही आपला नेहमीचा प्रश्न विचारलात: इंग्रज तर नाही ना? त्यांचं उत्तर आलं: 'हो, इंग्रजच की. पण स्वभावानं गरीब, कधी त्रास दिला नाही.'

दोन दिवस तुम्ही ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवत होतात. रोव्हर कंपनी इंग्रज, म्हणून बाई गंमत करतात असं तुम्ही धरून चाललात. इंग्रज दिव्याच्या काचेवर बारीक बाण कोरलेला असतो. फोटोत काचेच्या त्या जागी सफरचंदाच्या मोहोराचं प्रतिबिंब चमकत होतं, म्हणून दिसला नाही. पण दिवा हातात आल्यावरही तुम्ही बाण शोधला नाहीत! त्यांनी तो भरतकाम केलेल्या टॉवेलात गुंडाळून पाठवला होता. तुम्ही टॉवेलच बघत बसलात, याद्विगाला हा लाल आवडेल म्हणत.

मंगळवारी तपासणी केंद्रात दिवा भिंतीवर पाडला. झोत डावीकडे वर चढला. तपासनीस बिचारा तुमचाच जुना शिष्य, तो शिक्का खणात ठेवून कागद चाळत बसला.

"मास्तर," मार्यान म्हणाला, "जगाला शिकवलंत आणि स्वतः इंग्रजाला घरात घेतलंत! दाबा तक्रारीचं बटण. बाई फसवी आहे."

"तिनं हो म्हणून लिहिलंय, मार्यान."

"मग काय करणार?"

"निरोप तीन पाठवायला वेळ नाही. फोन करतो."

फोन तुम्ही गॅरेजात उभ्यानंच केलात, आवाज मोठा ठेवून, कारण तुमचा डावा कान कामातून गेलाय. म्हणून मी ऐकलं. बाईंच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"कोण? पोस्टवाला?"

"नाही, पानी ब्रोनिस्लावा, मी दिवावाला."

"फुटला का? मी चांगला टॉवेल घातला होता हो."

"दिवा सुंदर आहे. टॉवेल धुऊन ठेवलाय. फक्त दिवा दुसरीकडे बघतो."

"मी लिहिलं होतं इंग्रज आहे म्हणून! आता मला खोटी ठरवता?"

"नाही. विचारताना मीच चुकलो. मी विचारायला हवं होतं, स्टिअरिंग कुठल्या हाताला होतं."

बाई म्हणाल्या, "उजव्या. मुलगा चालवायचा, मी डावीकडे. बाजारात लोक बघायचे, ही म्हातारी हात सोडून गाडी हाकते. एकदा तर फादरांनी क्रॉसची खूण केली माझ्याकडे बघून."

तुम्ही हसलात. मग बाईंनी आपण होऊन सांगितलं: मुलानं गाडीला इथला नंबर मिळावा म्हणून इथल्या बाजूचे दोन दिवे आणून ठेवले होते. बसवायच्या आतच नॉर्वेला गेला. खोका माळ्यावर आहे, वर त्याच्याच अक्षरात लिहिलंय, 'आई, हात लावू नकोस.'

"मी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो येऊन बसवणार आहे. मी त्यातला दिला तर मग तो कशाला येईल?"

मार्यान तुम्हाला हातवारे करून सांगत होता, मागा, मागा. मीही तेच करत होते, खोटं कशाला बोलू. तुम्ही पाठ फिरवलीत आणि पत्र्याकडे तोंड करून म्हणालात:

"तुमचं बरोबर आहे. माझा दिवा, इथं सगळ्यांना सांगितलंय तसा, हरणानं नाही फोडला, पानी ब्रोनिस्लावा. माझ्या बायकोनं फोडला. तिला आत यायचं होतं."

मार्यानचे हात हवेतच राहिले. कोंबड्या ओरडत होत्या. बाईंनी विचारलं, "कुणाच्या घरात?"

"गाडीत. तिथं ती बोलते. दर रविवारी."

"काय बोलते?"

"धाग्यांचं."

"डावा हवा ना?" बाई म्हणाल्या. "शिडी धरायला शेजारणीला बोलावते. पण एक करायचं. तो इंग्रज मला परत आणून द्यायचा. पोस्टानं नको, हातानं. गाडी माझ्या स्वयंपाकघरासमोर उभी आहे, एक डोळा नाही तर बघवत नाही. आणि मुलगा आला तर म्हणेल काय?"

"आणतो," तुम्ही म्हणालात. "जूनमध्ये. पानी कुमुदही येतील, दिवा मांडीवर धरून." मला विचारलंसुद्धा नाहीत.

शुक्रवारी पार्सल आलं. या खेपेला उशीच्या अभ्र्यात. बाण नव्हता, तुम्ही भिंग लावून पाहिलंत, मग मला दाखवलंत, मग मार्यानला. शनिवारी शिक्का मिळाला. रविवारी याद्विगा गाडीत बसण्याआधी समोर थांबली, नव्या काचेवर तळहात ठेवून उभी राहिली, आणि म्हणाली, "हा आपला नाही." तुम्ही म्हणालात, "उसना आणलाय." ती बसली. त्या दिवशी धुकं नव्हतं, तरी ती नदीकडे बघून सांगत राहिली की ओलं सूत आता कुणीतरी आत घेतलंय, चला बरं झालं.

जूनमध्ये आपण गेलो नाही. औगुस्तूफला जाऊन यायला दोन दिवस, आणि तुम्हाला एकही रविवार सोडवेना. मी म्हटलं, सोमवारी निघू. सोमवारी तुमची पाठ धरलेली असायची. जुलैत मी नकाशा काढला. ऑगस्टमध्ये पानी ब्रोनिस्लावांचा फोन, घाई नाही म्हणाल्या, सफरचंदं उतरायच्या वेळी या, पेटीभर देते. सफरचंदं उतरली. ऑक्टोबरात तुम्ही एकवीस नंबर मार्यानच्या भाच्याला दिलंत आणि याद्विगाच्या शेजारची खोली घेऊन कायमचे तिकडे राहायला गेलात. गाडी आता सिस्टरांच्या अंगणात असते. कुठं जात नाही. तुम्ही दोघं रोज दुपारी तीत जाऊन बसता, इंजिन चालू करता, आणि ती बोलते, असं सिस्टर सांगत होत्या. म्हणजे तपासणीचीही गरज उरली नाही.

इंग्रज दिवा माझ्याकडे आहे, त्याच टॉवेलात. गेल्या आठवड्यात तुमचा निरोप आला: 'पानी, औगुस्तूफला कधी?' मी लिहिलं, 'सोमवारी.' कुठल्या सोमवारी, ते तुम्ही विचारलं नाहीत.