मधलं नाव

मी पेपरला दिलेल्या बातमीवर माझं पूर्ण नाव छापून यायचं. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आमच्या गावी, कोरीटला, सकाळच्या एसटीनं पेपर आला की ते आधी ती ओळ वाचत, बातमी नंतर. घरात आम्ही दोघंच. भाऊ सुरतेला, आणि आई जाऊन सहा वर्षं झालेली.

विसरवाडीच्या पुढे, महामार्गावरच्या एका थांब्यावर उभी राहून मी एक व्हिडिओ केला. इथे बायकांसाठी मुतारी नाही, एवढंच म्हटलं होतं. तो पेपरच्या फेसबुकवर गेला आणि खाली लोक तुटून पडले. मुतारीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझा रंग, माझी छाती, माझं न झालेलं लग्न, मी बातम्या कशाच्या बदल्यात मिळवते, यावर मात्र प्रत्येकाला मत होतं. निम्म्यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी देव लावलेले. आधी मला हसूच आलं. मग एकानं माझं छापील नाव उचललं आणि आप्पांना नावानिशी विचारलं, पोरीचा दर काय. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात माझ्या शाळेच्या वर्गातले दोघे होते.

संपादक म्हणाले, "ताई, लक्ष देऊ नका. व्हिडिओ चांगला चाललाय." पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि विचारलं, "तुम्ही वाचता कशाला?" वाचलं नसतं तर अर्जात काय लिहिलं असतं, हे विचारायचं राहून गेलं. मला राग खूप येतो, पण वेळेवर येत नाही.

आप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं. जेवताना फोन पालथा ठेवायचा. पुरावे म्हणून त्या घाणीचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, तेही मागच्या दारी बसून. आणि पुढच्या बातमीपासून, संपादकांना सांगून, आप्पांचं नाव वगळलं. तोरणमाळच्या घाटरस्त्याची बातमी होती ती. निदान त्यांची तरी सुटका केली, असं वाटून मला त्या दिवशी बरी झोप लागली.

सकाळी आप्पांनी ती ओळ वाचली. परत वाचली.

"मन्हं नाव काबर काढं?"

"जागा कमी पडली," मी म्हटलं.

"मी अजून जित्ता शे ना?"

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि भावानं दिलेला फोन खिशातून काढून माझ्यापुढे धरला. माझाच व्हिडिओ होता, खाली तेच सगळं.

"बठ्ठं वाचं मी. रोज वाचस. तू सांगशी, म्हनीसन वाट देखत व्हतू."

म्हणजे इतके दिवस मी मागच्या दारी जे वाचत होते, तेच आप्पा पुढच्या ओट्यावर बसून वाचत होते. ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्यातले काही आप्पांना रोज रामराम घालत असणार. ते कुणाला सांगणार होते? मला सांगितलं असतं. मी तोंडच उघडलं नाही, आणि वर त्यांचं नाव पुसून टाकलं. इतकी लाज मला त्या कुठल्याही शिवीनं वाटली नव्हती.

"परत लावू का?" मी विचारलं.

"तुन्ही मर्जी," आप्पा म्हणाले. इतक्या परकेपणानं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.