बाईंनी न दिलेला बाण

कुमुदबाई कुणाचंही ब्लडप्रेशर एकदा मोजून सोडत नसत. तीनदा मोजत. प्रत्येक वेळी मधे पाच मिनिटं बसवून ठेवत आणि तेवढ्या वेळात बोलायला बंदी. पहिल्यांदा आलेला आकडा त्या लिहूनसुद्धा घेत नसत. का म्हणून विचारलं, की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "पहिला आकडा माणसाचा नसतो, पायऱ्यांचा असतो."

साताऱ्यात त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यामुळे वाक्य खरं होतं. पण पाच मिनिटं गप्प बसायचं म्हणजे काय, हे माझ्यासारख्याला विचारा. मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापारी. त्याआधी बैलांचा. त्याच्याही आधी दुसऱ्यांचे बैल दोरीला धरून बाजारात पोचवायचो. शिराळ्याकडच्या बाजारापासून इथवर जे काही उभं केलं, ते तोंडाच्या जोरावर. मला गप्प बस म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं कशीबशी काढली आणि म्हणालो, "बाई, आकडा तरी सांगा."

"बोललात. आता पुन्हा पहिल्यापासून पाच मिनिटं."

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला, त्याखाली हात घातला आणि खुणेनं बाईंना म्हटलं, हात द्या. बाई चकित झाल्या, पण हात दिला. नंतर समजावून सांगितलं : जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. आणि मूठ मिटली, की सौदा नाही, उठायचं.

बाईंना हे फार आवडलं. "आणि पहिला भाव?" त्यांनी विचारलं.

"पयला भाव बैलाचा नसतोय बाई. मालकाच्या मिशीचा असतोय."

त्या मोठ्यानं हसल्या. "आबासाहेब, तुम्हाला संशोधन जमलं असतं."

एवढं गोड बोलणाऱ्या बाईवर माझा राग आहे आणि त्या गेल्या तरी तो गेलेला नाही. तो का, हे सांगायचं तर आधी आमच्या घराण्याचं सांगावं लागेल.

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. आजोबा, वडील, थोरले चुलते, सगळे उभ्याउभ्या कोसळले. डोक्यातली नस फुटली. गावात म्हणायचे, रागानं गेले. आम्हीही तेच म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर थोडं अभिमानानं म्हणायचो. मीही एक दिवस असाच कुणावर तरी ओरडत जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. गिऱ्हाईक अडून बसलं, की छातीवर हात ठेवून म्हणायचो, "माझं बीपी वाढाय लागलंय हां." माणूस घाबरून भाव वाढवायचा.

पण माझी वैशाली म्हणजे गाईसारखी पोर. चढा आवाज तिला ठाऊक नाही. तिच्या वाट्याला हे येणार नाही, याची मला खात्री होती. ती पोलीस भरतीला गेली. धावण्यात पहिली आली आणि वैद्यकीय तपासणीत प्रेशरवर अडकली. तेवीस वर्षांच्या पोरीचं प्रेशर माझ्याएवढं! त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या रागाशिवाय दुसऱ्या कशाची तरी भीती वाटली. साताऱ्याच्या बाईंचं नाव तिनंच शोधून काढलं. मी फी कमी करून घ्यायला म्हणून बरोबर गेलो.

बाई मूळच्या वाईच्या. पुण्यात डॉक्टर झाल्या, मग परदेशात वर्षानुवर्षं याच रोगावर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर इकडं येऊन बसल्या. स्वतःच्या कामाबद्दल सांगायच्या, "मी निघाले होते प्रेशर शोधायला. ते मला ग्रंथींकडे घेऊन गेलं. ग्रंथींच्या मागे गेले, तर त्या आजोबा-पणजोबांकडे घेऊन गेल्या. आता मी लोकांची घराणी विचारत फिरते, लग्न जुळवणाऱ्या बायकांसारखी."

वैशालीला तपासून त्या मला म्हणाल्या, "राग तुमचा स्वतःचा आहे, आबासाहेब. तो तुम्ही कमावलाय. प्रेशर मात्र वाडवडिलांचं."

मग त्यांनी मोटरीचं उदाहरण दिलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, अंगात मीठ किती धरायचं ते ती ठरवते. "तुमच्या घराण्यात ही मिठाची मोटर शेजाऱ्याच्या स्टार्टरला जोडली गेलीय असं मला वाटतंय. त्यानं त्याचं बटण दाबलं, की तुमची चालू. तसं असेल तर औषध सोपं आहे, एक जुनी गोळी. पण एका घरावरून मी खात्रीनं बोलणार नाही. तुमची भावकी किती?"

भावकी म्हणजे भगवान. माझा चुलतभाऊ, समोरच राहतो. भर बाजारात त्यानं माझ्या गिऱ्हाइकाच्या कानात 'बैल मारका आहे' असं सांगून माझा सौदा मोडला होता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बैल मारका होता, ही गोष्ट वेगळी.

बाईंनी एका मोठ्या कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. रोग असलेले काळे, नसलेले पांढरे, मेलेल्यांवर तिरकी रेघ. थोरल्या चुलत्यांच्या चौकोनाखाली भगवानची बाजू सगळी कोरी. शेवटी एका ठिकाणी छोटा बाण येणार होता. या घराण्याचा शोध ज्याच्यापासून लागला, त्याच्याकडे तो बाण. जगभरचे डॉक्टर तो कागद बघणार, नावं कुणाचीच नसणार. मान काय तो त्या बाणाचा. तो कुणाकडे जाणार, हे मी विचारलंसुद्धा नाही. माझ्याशिवाय होतंच कोण?

भगवानच्या दारात गेलो. तो म्हशीला पाणी दाखवत होता.

"कोन, आबा? वाट चुकलास व्हय रं?"

"रक्त पायजे."

"माझं? ते तर तू कवापास्नं पितोयस."

मी गिळलं. वैशालीचं सांगितलं, कागद दाखवला. बापाच्या चौकोनावरची तिरकी रेघ बघून त्यानं बादली खाली ठेवली. मग माझ्या तोंडून नको ते गेलं. "हितं माझ्याकडं बाण येनार हाय."

"असं? मग न्हाई देत रक्त. बान माझ्याकडं वळीव, समद्या घराचं घिऊन जा. बादली भरून घिऊन जा."

आयुष्यात मी कधी पहिल्या भावाला हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. "दिला बाण," म्हणालो आणि तडक साताऱ्याची एसटी धरली.

बाई म्हणाल्या, "नाही."

"आवं, नुसती पेन्सिलीची रेघ हाय ती!"

"रेघ खोटी, तर तिच्या खालचं सगळं खोटं."

मी टेबलावर मूठ आपटली. माझ्या पोरीच्या जिवापुढं तुमचा कागद मोठा का, असं विचारलं. छातीवर हात ठेवून बीपीचंही सांगून पाहिलं. बाईंनी शांतपणे माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवला. "दमून आलाय तेवढंच. पाच मिनिटं बसा." पाच मिनिटं झाल्यावर म्हणाल्या, "आणि बाण तुमचा, हे तुम्हाला सांगितलं कुणी? पहिल्या दिवशी पायऱ्या चढून माझ्याकडे आधी कोण आलं?"

"वैशाली."

"तुम्ही कुठं होतात?"

"खाली. रिक्षावाल्याशी भांडत होतो."

"मग बाण वैशालीचा. तुमचा नाही, भगवानरावांचा नाही. जसं झालं तसं."

परत भगवानच्या दारात. आता सगळं बुडालं असं धरूनच सांगितलं, "बाण तुला न्हाई."

"म्हंजी तुला?"

"मलाबी न्हाई. पोरीला."

त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून विचार केला. "तुला न्हाई, हे नक्की न्हवं?"

"नक्की."

भगवाननं बाही वर सारली. "मग कुठं टोचायचं ते सांग."

पुढच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर बाईंनी दोन्ही घरं एका ओळीत बसवली. तीनदा प्रेशर, मधे पाच-पाच मिनिटं मौन, शेवटी रक्त. आमच्या भावकीत एवढी शांतता कधी कुणी ऐकली नव्हती. माझी बायको आणि भगवानची बायको, दोघी हळूच म्हणाल्या, "बाई, दर म्हैन्याला येत जावा."

भगवानच्या घरातले काळे-पांढरे आमच्याशी ताडून पाहिले आणि बाईंचा अंदाज बरोबर निघाला. भगवान काळा, मीही काळा. त्या एका गोष्टीत तरी आमची बरोबरी. रोजची एक गोळी सुरू झाली. वैशालीचं प्रेशर उतरलं, पुढच्या भरतीत ती लागली. माझंही उतरलं, राग मात्र जागच्या जागी राहिला. बायको म्हणाली, "आता तुमाला सांगायला कारनबी उरलं न्हाई." हे नुकसान बाईंनी केलं ते वेगळंच.

कागद छापून आला. मी तो चौकट करून दुकानात लावलाय. लोक विचारतात, यात तुम्ही कुठले? मला बोट ठेवून दाखवावं लागतं. बाण असता तर दाखवावं लागलं नसतं. सगळी भावकी जमवली मी, चपला झिजवल्या मी, शत्रूच्या दारात दोनदा गेलो मी. भेटेल तेव्हा मी बाण मागायचो. बाई म्हणायच्या, "चहा घ्या."

मग वैशालीला मुलगी झाली. कागदावर तिच्याखाली एक नवा गोल आला. काळा की पांढरा, हे रक्तावरून ठरणार होतं. बाई म्हणाल्या होत्या, "नाणं उडवल्यासारखं आहे. मी काही करू शकत नाही, तुम्हीही नाही." भाव करता येणार नाही अशी गोष्ट माझ्या वाट्याला क्वचितच आलीय. ते दिवस मी दुकानात कुणावरही ओरडलो नाही. नोकर घाबरून गेले.

तोवर बाई आजारी पडून वाईला भावाच्या घरी गेल्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला होता. रिपोर्ट त्यांच्याकडेच आला म्हणून वैशाली, तिची तान्ही आणि मी, असे तिघं गेलो. खोलीत भेटायला आलेली बरीच माणसं बसलेली. बाईंनी वैशालीला खुणेनं जवळ बोलावून रिपोर्टचा कागद दाखवला. पोर आमची शांत. चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं बाईंना मान हलवून परवानगी दिली. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अंगावरच्या चादरीचं टोक उचललं.

मी खाली बसलो. चादरीखाली हात घातला. त्यांची बोटं वाळलेल्या काडीसारखी झाली होती. ती माझ्या तळव्यावर क्षणभर उघडी राहिली आणि मिटली. घट्ट मूठ.

सौदा नाही. गोल पांढरा.

सौदा मोडल्यावर रडणारा व्यापारी त्या खोलीतल्या माणसांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. मी हात सोडला नाही. बाई खुशीत दिसत होत्या, त्यांचं मन आज मऊ असेल असं वाटलं. अशी वेळ पुन्हा येत नाही. त्यांच्या तळव्यावर मी एक बोट सरळ उभं धरलं आणि दुसऱ्या हातानं हवेत बाणाचं टोक काढून दाखवलं.

ती आमची शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात बाई गेल्या. पण त्या दिवशी चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे कशी नजर टाकली, ती मला अजून दिसते. ओठ हसत होते. आणि चादरीखाली माझ्या बोटाभोवती त्यांची मूठ पुन्हा मिटली, आधीपेक्षाही घट्ट.