तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या टिंबर पॉइंटमध्ये कुणी कॉफी विचारली की आधी दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणायचं, "बरं, अर्धाच कप." पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा उद्धट. हे कुणी शिकवत नाही. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या धुक्यात जो वाढतो, त्याच्या अंगातच ते येतं. या एका रीतीपायी व्हर्ना ओयालाचं आयुष्य गेलं, आणि आयुष्य गेल्यावरही तिची सुटका झाली नाही.

व्हर्ना माझ्या समोरच्या घरात राहायची. उंच, हाडापेराने मजबूत, आणि पायात बाराही महिने तेच लाल रबरी बूट. उभी हयात तिने बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून काढली. मूलबाळ नव्हतं. नवरा एइनो गोदीत धान्याच्या जहाजांवर कामाला होता. तो इतका कमी बोलायचा की त्याचा आवाज विसरायला व्हायचा. आणि व्हर्ना आमच्या शेजारी मंडळाची अध्यक्ष होती. किती वर्षं ते मोजण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या तरुण पोरांना दुसरा अध्यक्ष आठवतच नव्हता.

मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. मानधन शून्य, बोलणी फुकट. वसंतात नाक्यानाक्यावरच्या अर्ध्या पिंपांत पेटुनियाची रोपं लावायची. पानगळीत गटाराच्या जाळीवरची पानं ओढून काढायची, नाहीतर आमचा उतार तुंबतो. बर्फ पडला की सरोवराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर वाळू टाकायची. नवं बिऱ्हाड आलं की वेलदोड्याचा पाव घेऊन दारात उभं राहायचं. रविवारच्या कॉफीसाठी चर्चचं तळघर उघडायचं, त्याची किल्ली अध्यक्षाकडेच. रस्त्याच्या तोंडाशी मंडळाचा एक फलक आहे, त्यात सुटी अक्षरं बसवून सभेची तारीख लावायची. त्या अक्षरांत 'E' कायम कमी पडायचा, म्हणून व्हर्ना तीनचा आकडा उलटा फिरवून बसवायची. नवे लोक हसायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती.

निवडणूक मार्चमध्ये, चर्चच्या तळघरात. घडीच्या खुर्च्या, लिंबाच्या वड्या आणि नळातून टपटपणारी कॉफीची मोठी टाकी. ड्वेन स्कोगस्टाड उपाध्यक्ष होता, कारण उपाध्यक्षाला काहीच करावं लागत नाही. निवडणुकीपुरता लाकडी हातोडा त्याच्या हातात यायचा. तो विचारायचा, "अध्यक्ष कोण होणार?" की सगळे आपापल्या बुटांकडे बघायचे. मीही बघायचे. माझ्या बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं, पण मान वर केली की गळ्यात घोंगडं पडलंच म्हणून समजा. मग ड्वेन वळायचा.

"व्हर्ना, घेतेस ना यंदाही?"

"नको रे, आता दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"अगं, तुझ्यासारखं कुणाला जमणार?"

"नको, खरंच नको."

"घे गं, एवढं एकच वर्ष."

मग व्हर्ना गप्प. हातोडा टेबलावर पडायचा, टाळ्या व्हायच्या, आणि लोक वड्यांकडे वळायचे. तिचं पहिलं नको खरं होतं, दुसरंही खरं होतं. आम्ही मात्र त्याला कॉफीतलं नको समजायचो. समजायचो म्हणण्यापेक्षा, तसं समजणं आम्हाला सोयीचं होतं.

शेवटच्या हिवाळ्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, "लोईस, मला एक उन्हाळा नुसतं बसायचंय गं. ओसरीवर. एइनोबरोबर. काही न करता."

"मग तिसऱ्यांदाही नाही म्हण की! तोंडाला काय कुलूप आहे?"

"म्हणून बघते." ती ताठ बसली. "नाही. नाही." तिसरं काही येईना. ओठ हलले, मान लाल झाली, आणि मग आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. "मेले तरी जमायचं नाही मला," ती म्हणाली.

फेब्रुवारीत ती सरोवराच्या पायऱ्यांवर सापडली. वाळूचा डबा शेजारी नीट उभा होता. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, कळलंही नसेल तिला.

मार्चची सभा ठरल्याप्रमाणे भरली. पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची तिची. ती कुणीतरी सवयीने उघडून ठेवली होती आणि कुणी तिच्यावर बसलं नाही. ड्वेनने विचारलं, अध्यक्ष कोण होणार. सगळ्यांनी बूट बघितले. तेव्हा मागून मर्ल ओरडला. हा मर्ल आमचा गावविनोदी, मयताच्या जेवणातही त्याला कोट्या सुचतात. "अरे, व्हर्नालाच विचार! ती काय नाही म्हणतेय?"

लोक हसले. घोडं अडलं होतं, जरा सुटल्यासारखं वाटलं. ड्वेनही हसला, आणि सवयीने त्या खुर्चीकडे वळून म्हणाला, "काय व्हर्ना, घेतेस ना यंदाही?"

तळघर गरम ठेवणारी वाफेची नळी भिंतीत आहे, तिच्यात टक् झालं.

"नको म्हणाली!" मर्ल म्हणाला. हशा पिकला.

"अगं, तुझ्यासारखं कुणाला जमणार?" ड्वेन म्हणाला.

टक्.

या वेळी हशा अर्धाच झाला. ड्वेन तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे दोनदा विचारून थांबणं म्हणजे समोरच्याचा अपमान. त्याच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. "घे गं. एवढं एकच वर्ष."

नळी वाजली नाही. कॉफीच्या टाकीचं टपटपणंही बंद झालं. माझ्या मानेवर गार वारा आला, आणि तळघराला खिडकी नाही. आम्ही त्या खुर्चीकडे बघत राहिलो. ड्वेनचा हात वर गेला आणि हातोडा पडला. नंतर तो शपथेवर सांगायचा की त्याने तो टाकला नाही, पडला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लिंबाच्या वड्या तशाच उरल्या. आमच्याकडे असं कधी होत नाही.

"मान म्हणून राहू दे," बाहेर पडताना ड्वेन म्हणाला. "एक वर्ष तिच्या नावावर. कामाचं काय, होईल कसंतरी."

आणि काम होऊ लागलं. एप्रिलमध्ये उशिराचा बर्फ पडला, तर पायऱ्यांवर सकाळीच वाळू. मेअखेर पिंपांत पेटुनिया आल्या, जांभळ्या मध्ये आणि पांढऱ्या कडेने, व्हर्ना लावायची तशाच. ड्वेनला वाटलं, मर्ल करतो. मर्लला वाटलं, मी करते. मला वाटलं, चर्चवाले. विचारलं मात्र कुणी नाही, कारण आमच्या इथे 'हे कुणी केलं' असं विचारणाऱ्याच्याच हातात पुढच्या वेळी फावडं येतं. जूनमध्ये वार्षिक सहभोजनाची तारीख फलकावर लागली. त्यात तीनचा आकडा उलटा बसवला होता. मी गाडी थांबवून किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. खरं सांगते, मी घाबरले होते.

ऑक्टोबरात एका दुपारी सरोवरावरून धुकं चढलं. दाराबाहेर हात धरला तरी दिसेना, बंदराचा भोंगा वाजत होता. त्या आवाजांच्या मधल्या शांततेत मला खरवडल्याचा आवाज आला. लोखंडी दाताळं गटाराच्या जाळीवर ओढल्याचा. मी कोट चढवला आणि आवाजाच्या रोखाने रस्ता ओलांडला. आवाज थांबला. जाळी स्वच्छ, पाणी गळगळा वाहत होतं, आणि बाजूला ओल्या पानांचे दोन ढीग. तिथून बुटांचे ओले ठसे निघाले होते ते एइनोच्या ओसरीवर चढत होते. ठसे बाईमाणसाचे होते.

मी दार ठोठावलं. एइनोने उघडलं. टेबलावर दोन कप होते, दोन्हींतून वाफ निघत होती, आणि त्याच्या समोरची खुर्ची मागे ओढलेली होती.

"हळू बोल," तो म्हणाला. "दमलीय ती."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. पाय पुढे घ्यायची छाती झाली नाही. "एइनो, कोण दमलंय?"

"ये ना आत. कॉफी?"

"आधी सांग!"

"येते ती. काम उरकून. ओसरीवर पाय पुसते, खुर्ची ओढते, बसते. दिसत नाही मला. बोलतही नाही." मग तो माझ्या आयुष्यात त्याच्याकडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "पण घरात माणूस आहे हे कळतं ना लोईस, बाकीचं मला काही नको."

माझं डोकं फिरलं. "अरे, तिला बसायचं होतं! एक उन्हाळा नुसतं बसायचं होतं तिला, आणि आपण तिला मेल्यावरही जुंपलंय! मार्चमध्ये मीच उभी राहते. माझे दुखरे गुडघे गेले खड्ड्यात."

त्याने माझी बाही धरली. "नको. तू उभी राहिलीस की ती सुटेल. मग कशाला येईल ती? एवढं एक वर्ष राहू दे."

"तुझा स्वार्थ आहे हा."

"आहे," तो म्हणाला.

मी घरी आले. तेव्हा चीड आली होती त्याची, आणि रात्रभर त्याच्यासाठी रडलेही मीच. काय करायचं ते मला ठरवता येईना. हिवाळाभर पायऱ्यांवर वाळू पडत राहिली, पण आता ती कुठे जास्त, कुठे कमी, कधी खालच्या दोन पायऱ्या तशाच राहिलेल्या. वाळू टाकणाऱ्याचा हात पुरत नव्हता. जानेवारीच्या हाडं फोडणाऱ्या थंडीत एइनो मला टपालपेटीशी भेटला. गालफडं बसली होती.

"काल ओसरीवर चढता येईना तिला," तो म्हणाला. "पहिल्या पायरीवरच थांबली. मी दार उघडून उभा. किती वेळ तिचा धापा टाकल्याचा आवाज येत होता." त्याने हातमोजा डोळ्यांना लावला. "मेलेल्या माणसाला दम लागतो का गं?"



मार्च आला. तळघर गच्च भरलं होतं. बाहेर कुणी कबूल करत नव्हतं, पण सगळ्यांना काही ना काही ऐकू आलं होतं. कडेची खुर्ची उघडून ठेवलेली. ती कुणी उघडली, हेही कुणी विचारलं नाही. एइनो पहिल्यांदाच सभेला आला होता आणि माझ्या शेजारी बसला होता. मी उभी राहायचं ठरवून आले होते आणि तेव्हा माझी बाही धरणारा त्याचा हात आता माझ्या अगदी शेजारी होता.

ड्वेन उठला. तोंड पांढरंफटक. "तर मंडळी, अध्यक्ष कोण..."

"मी," एइनो म्हणाला.

प्रश्न पुरा व्हायच्या आत! तळघरात कुणीतरी 'आँ' केलं. ड्वेन गडबडला. "अरे, नाही, म्हणजे तुला आत्ता कशाला त्रास, एइनो..."

"मी म्हटलं ना, मी."

"पण अजून विचार कर, तू..."

"ड्वेन, तिकडे वळू नकोस. तिला विचारू नकोस. हातोडा टाक."

नियमाप्रमाणे आणखी नावं विचारावी लागतात. ड्वेनने त्या खुर्चीकडे न बघता, छताकडे बघत विचारलं. नळी वाजली नाही. त्याने हातोडा टाकला. तो आवाज विरायच्या आत कडेची खुर्ची हलली. हळूच मिटली, मागे सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, सभा संपली की बाकीच्यांच्या आधी आपली खुर्ची आवरणाऱ्या बाईने ठेवावी तशी. कुणी किंचाळलं नाही. मर्लने टोपी काढली. एइनोने तेवढं बघितलं नाही. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

मी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. बर्फ वितळत होता, ओसरीच्या पायऱ्या ओल्या होत्या, पण त्यांच्यावर एकही ठसा नव्हता. त्याने दार उघडलं आणि ते धरून तसाच उभा राहिला, कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तसा. गार हवा घरात शिरत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने दार सोडलं.

"रविवारी तळघर मलाच उघडावं लागणार," तो म्हणाला. "किल्ली कुठे ठेवते ती, कोण जा..." तो थांबला.

"ठेवायची," तो म्हणाला.