बिननोंदणीची कॉलनी

आमच्या घराण्यात कुणी पुजारी झालं, कुणी कारकून. जमिनीची दलाली कुणीच केली नव्हती. शाळेतली नोकरी सोडून मी लोकांना गुंतवणुकीसाठी प्लॉट शोधून द्यायला लागले, तेव्हा कचेरीत कारकुनी केलेले काका म्हणाले, "आता एवढंच राहिलं होतं." मी ऐकून घेतलं आणि एजंट म्हणून रेरा कायद्याखाली नोंदणीचा अर्ज भरायला बसले.

आमच्या शहरातल्या दतिया गेटपाशी हेच काम करणारे पुरुष हसले. "दीदी, ये सब बड़े शहरों के चोंचले हैं." एकदा अर्ज त्रुटी दाखवून परत आला, मी पुन्हा भरला. नोंदणी क्रमांक हातात आला त्या दिवशी मी एकटीनेच पेढे खाल्ले.

त्यानंतरचं पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे मऊरानीपुरची एक निवृत्त नर्स. आयुष्यभराची पुंजी एखाद्या प्लॉटमध्ये घालायची होती. बरुआसागरच्या रस्त्यावर नवी कॉलनी उभी राहत होती, म्हणून त्यांना तिथे घेऊन गेले. ऑफिसात भिंतभर नकाशा होता, त्यात बाग, मंदिर, सगळं. मी कॉलनीचा नोंदणी क्रमांक विचारला.

"अप्लाई कर दिया है, आ जाएगा," मालक म्हणाला. "आपके पास तो अपना लाइसेंस है न? फिर क्या दिक्कत?"

"भैया, दिक्कत इसी की तो है. लाइसेंस लिया है, इसलिए बिना रजिस्ट्रेशन की कॉलनी का प्लॉट मैं नहीं दिला सकती."

त्याने माझ्याकडे पाठच फिरवली आणि बाईंपुढे बुकिंगचा फॉर्म ठेवला. "मैडम, आप सीधे बुक कर लीजिए. बीच में इनका क्या काम?"

बाईंनी सही केली असती, तर मला काहीच करता आलं नसतं. त्यांनी फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "बेटा, ये नंबर देखते कहाँ हैं?" मी मोबाइलवर सरकारी साइट उघडून कॉलनीचं नाव टाकलं. काहीच निघालं नाही. त्यांनी फॉर्म टेबलावरून परत सरकवला. "मैंने उम्र भर सुइयाँ लगाई हैं. शीशी की तारीख देखे बिना एक नहीं लगाई."

दोघी उठून आलो.

मी जुळत आलेले सौदे मोडते, असं मालकाने सगळीकडे सांगितलं. कित्येक महिने कुणी मला जागा दाखवायला बोलावलं नाही. काका म्हणाले, "सगळे करतात तसं कर. जरा डोळेझाक करायची."

"काका, तुम्ही कचेरीत कधी कोऱ्या कागदावर सही केलीत?"

मी माघार घेतली नाही. गावोगाव फिरले, ज्यांचे कागद चोख होते तेवढ्यांच्याच जागा दाखवल्या. त्यातलाच एक प्लॉट त्या बाईंनी घेतला.

गेल्या आठवड्यात त्याच मालकाचा फोन आला. "दीदी, नंबर आ गया है. अब तो पार्टी लाइए."

फोन चालू ठेवूनच मी साइट उघडली. नंबर खरा होता.

"बधाई हो, भैया. अब ज़मीन के कागज़ और पास हुआ नक्शा भेजिए. वो भी देखूँगी."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. टाकू दे.