कमानीखालची रेंज

नगरं दूरदृष्टीने वसवली जातात, असं आमच्या डोंगरमाथ्यावरच्या वसाहतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी सांगितलं. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, त्यामुळे टाळ्या वाजवल्या. खरं तर ही जागा मोबाईलने शोधली. मोखाड्याकडच्या आमच्या गावात रेंज नव्हती, ती वर या पठारावर यायची.

तेव्हा मी ठाण्यात कारकुनी करत होतो. संध्याकाळी नाचणीची कामं आटोपून गाव चढ चढून यायचं. पठाराच्या कडेला खडक होते आणि घरागणिक खडक ठरलेला होता. दुसऱ्याच्या खडकावरून कोणी बोलत नसे. आय आमच्या खडकावर उभी राहून ठाण्याच्या दिशेला तोंड करायची आणि मगच बोलायची. तोंड वळलं तर आवाज भलतीकडे जाईल, अशी तिची खात्री होती. शेजारच्या खडकावरून काकूचा सल्लाही ऐकू यायचा, की त्याला सांग, लग्न कर आता, आम्ही किती चढायचं.

मग बिल्डर आला. खडक फुटले, रस्ते आखले गेले आणि तोडलेल्या झाडांची नावं त्या रस्त्यांना मिळाली. माणसांआधी दिवे आले. पहिल्या पावसाळ्यात आम्ही मोजकी कुटुंबं धुक्यात एकमेकांची घरं चाचपत होतो आणि काड्यापेटीसाठी खालच्या गावात उतरत होतो.

माझी बदली जव्हारला झाली होती. मी इथे घर घेतलं ते आयसाठी. इतकी वर्षं रोज चढून येते म्हणजे तिला ही जागा आवडत असणार, असा माझा हिशेब.

जीपने तिला वर आणलं. तिने खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, गॅलरीतून खालचं आपलं कौलारू घर शोधलं. मग आपला खडक कुठे गेला, ते विचारलं. तिथे आता वसाहतीची बऱ्याच खांबांची कमान आहे, मी म्हणालो. ही खोली तुझी, हेही सांगितलं.

तिने खालच्या घराकडे बोट दाखवलं.

"पोरा, मी डोंगर बघाया नव्हते येत. तू लांब होतास म्हणून येत होते. आता आलास, तर खाली ये ना."

बघतो, म्हणालो. अंधाराआधी ती पायवाटेने उतरली. मी अजून बघतोच आहे. रविवारी उतरतो, तिच्या हातची भाकरी खातो आणि परत चढतो.

आता गावात टॉवर आला आहे. आय ओट्यावर बसून बोलते. आमच्या काँक्रीटच्या घरांत मात्र रेंज येत नाही, ती फक्त कमानीखाली मिळते. मी तिथे जातो, गावाकडे तोंड करतो आणि मगच फोन लावतो.

संध्याकाळी तिथे सगळी वसाहत असते. ज्याचा त्याचा खांब ठरलेला आहे.